चूक झाली? पुढे चला!

माझ्या आयुष्यात मी दोनच भाषा मन लावून शिकलो. एक दुहेरी नोंदीची आणि दुसरी व्हिज्युअल बेसिक. इंग्रजी मला पगारापुरतं येतं. मराठी आमच्या घरी सौ. बोलते आणि मी ऐकतो.

पैकी पहिल्या भाषेचं व्याकरण एका ओळीचं आहे. जमा आणि नावे जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. २००३ साली मी बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या शाखेत बचत खात्यांची खतावणी अजून हातानेच लिहीत. नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, बॅलन्सिंगच्या दिवशी, पस्तीस पैशांचा फरक आला. संध्याकाळचे साडेसात वाजलेले. आदल्याच आठवड्यात माझं लग्न ठरलेलं, आणि सात वाजता बागेच्या फाटकाशी भेटायचा वायदा केलेला. मी खिशातून आठ आण्याचं नाणं काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, हे घ्या आणि मिटवा. वरचे पंधरा पैसे बँकेला राहू द्यात."

अकाउंटंटसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिजोरीची किल्लीच विकायला काढली आहे.

"अहो, फरक पैशांचा नसतो, नोंदीचा असतो," ते म्हणाले. "हे पस्तीस पैसे म्हणजे शेपूट आहे. जनावर केवढं आहे ते अजून दिसायचंय."

रात्री पावणेदहाला जनावर दिसलं. एक नव्हे, दोन. एका खात्यात दहा हजार रुपये जादा आणि दुसऱ्यात नऊ हजार नऊशे नव्याण्णव रुपये पासष्ट पैसे कमी. दोघांनी एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकलं होतं, फक्त शेपूट बाहेर राहिलं होतं. बागेच्या फाटकाशी जिला उभं केलं होतं तीच आज आमच्या घरी मराठी बोलते, आणि भांडणाची सुरुवात अजून त्या संध्याकाळपासूनच करते. पण ती रात्र मी विसरलो नाही. म्हणजे, बँकेत विसरलो नाही. घरी आल्यावर मात्र मी दुसऱ्या भाषेत शिरायचो आणि तिथे साफ विसरायचो. आजचं सगळं गाऱ्हाणं त्याचंच आहे.

व्हिज्युअल बेसिकची सहावी आवृत्ती १९९८ साली निघाली आणि १९९९ साली मी बी. कॉम. करता करता तिच्या क्लासला जाऊ लागलो. एका यंत्रापुढे तिघे बसत असू. एकाच्या हाती कीबोर्ड, दुसऱ्याच्या हाती माऊस आणि तिसऱ्याच्या हाती नशीब. खिडकी काढायची, तिच्यावर बटण चिकटवायचं, बटणावर दोनदा टिचकी मारून आत हुकूम लिहायचे. इतकं सोपं प्रकरण होतं की कॉमर्सवाल्यालाही जमलं. अडचण एकच. चूक झाली की प्रोग्राम धाडकन मरायचा. त्यावर आमच्या सरांनी रामबाण औषध दिलं: प्रत्येक कामाच्या डोक्यावर पहिली ओळ लिहायची, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. मराठीत सांगायचं तर, चूक झाली? पुढे चला!

ही ओळ ज्यांनी काढली त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच कबूल करतो. एखादी ओळ फसण्याचा संभव असेल तर आधी ही सवलत घ्यायची, मग लगेच खालच्या ओळीत 'एर' नावाच्या वस्तूला विचारायचं, काय रे बाबा, काही घडलं का? आणि काम झालं की सवलत बंद करायची. आमच्याकडेही उचंत खातं असतंच की! ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. पण त्या खात्याची यादी निघते, साहेब ती पाहतात, तपासनीस आला की आधी तेच खातं मागतो. व्हिज्युअल बेसिकवाल्यांनी उचंत खातं उघडलं आणि यादी काढायची राहूनच गेली. मीही त्यांतलाच.

२००६ साली मी आमच्या सोसायटीसाठी देखभालखर्चाची बिलं करणारा प्रोग्राम लिहिला. चोवीस बिऱ्हाडं, महिन्याची बिलं, पावत्या, थकबाकीवर दरसाल दरशेकडा २१ टक्के व्याज. समितीने मला शाल दिली. ती शाल मी परत करायला हवी होती, ते पुढे येईलच.

पहिला घोटाळा पैशांचा झाला. रकमा ठेवायला मी 'डबल' नावाचा प्रकार वापरला, कारण डबल म्हणजे सिंगलपेक्षा बरं, असा साधा हिशेब. मग एकदा बेरीज जुळेना. पडद्यावर दोन्ही आकडे अगदी एकसारखे, पैशापर्यंत सारखे, आणि यंत्र म्हणतं हे समान नाहीत. कारण असं, की हा डबल दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवतो आणि एक दशांश ही संख्या त्या पद्धतीत नेमकी मावतच नाही. जसा एकतृतीयांश आपल्या दशांशात कधी संपत नाही, तसा. त्यामुळे ०.१ आणि ०.२ मिळवले की यंत्राच्या पोटात ०.३ येत नाहीत, येतात ०.३०००००००००००००००४. लोक यावर काय उपाय करतात? दोन रकमांतला फरक एका पैशाहून कमी असेल तर समान समजा, असं लिहितात. म्हणजे माझं आठ आण्याचं नाणंच ते! खरा उपाय त्याच भाषेत समोर पडला होता. 'करन्सी' नावाचा वेगळा प्रकार आहे, तो चार दशांशापर्यंत पै न् पै नेमकी ठेवतो. पुढच्या डॉट नेटमध्ये 'डेसिमल' आहे. बँकेतल्या माणसाने घरी येऊन करन्सी सोडून डबल वापरावा, हे म्हणजे हलवायाने घरी साखरेच्या जागी मीठ टाकावं तसं झालं.

त्यातच एक विनोद सांगून टाकतो. या भाषेतलं 'राउंड' अडीचचे दोन करतं आणि साडेतीनचे चार. जवळच्या सम संख्येकडे जातं. डॉट नेटचंही न सांगता असंच. या पद्धतीला म्हणतात 'बँकर्स राउंडिंग'! इतकी वर्षं बँकेत काढली, एकाही बँकरला असं करताना मी पाहिलं नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम सरळ आहे. पन्नास पैसे आणि वर असतील तर पुढचा रुपया, त्याच्या आतले सोडून द्यायचे. गंमत म्हणजे त्याच भाषेतलं 'फॉरमॅट' मात्र अडीचचे तीन दाखवतं. म्हणजे पडद्यावर तीन आणि वहीत दोन. बँकेत असं केलं तर चौकशी लागते.

दुसरा घोटाळा खिडकी गोठण्याचा. खजिनदारांनी 'बिले तयार करा' दाबलं की खिडकी पांढरीफटक पडायची आणि वर अक्षरं यायची, 'नॉट रिस्पॉन्डिंग'. याचं कारण समजायला कुठल्याही शाखेत जावं. एकच काउंटर, एकच क्लार्क. तोच पासबुक भरतो, तोच चेक घेतो, तोच जुनी फाइल शोधायला रेकॉर्ड रूममध्ये जातो. तो आत गेला की बाहेर रांग उभी. विंडोज पाच सेकंद त्याची वाट पाहते आणि मग काउंटरवर त्याचं भूत बसवून पाटी लावते. शहाणा उपाय म्हणजे फाइल शोधायला दुसरा माणूस पाठवायचा. डॉट नेटमध्ये २००५ साली त्यासाठी 'बॅकग्राउंड वर्कर' आला, २०१२ साली 'असिंक-अवेट' आलं आणि ते काम फारच सुटसुटीत झालं. पण मी रामबाणवाल्यांच्या परंपरेतला. मी 'डू इव्हेंट्स' टाकलं. म्हणजे फाइल शोधता शोधता दर मिनिटाला काउंटरवर यायचं आणि रांगेतल्याला विचारायचं, "बोला, काय हवंय?" खिडकी गोठायची थांबली, आणि खजिनदारांनी, काही होत नाहीसं वाटून, अर्ध्यात पुन्हा बटण दाबलं. त्या महिन्यात अकरा घरांना दोन दोन बिलं गेली. त्यांतल्या तिघांनी दोन्ही भरली! काम चालू असेतो बटण बंद ठेवायचं, एवढी एक ओळ पुरली असती.

पुढे हा प्रोग्राम सी शार्पमध्ये आणायचा विचार निघाला तेव्हा हिंजवडीला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने दुसरा माणूस ठेवून दाखवला. लगेच प्रोग्राम ओरडला: ज्या थ्रेडने हे कंट्रोल बनवलं तो सोडून दुसऱ्याने त्याला हात लावलाय. कॅशच्या पेटीला कॅशियरखेरीज कुणी हात लावायचा नाही, इतकी रास्त तक्रार. मला तर ते यंत्र एकदम आपलं वाटलं. भाचा म्हणाला, "मामा, ते घालवता येतं. एक सेटिंग आहे." त्या सेटिंगचं नाव, वाचकहो, 'चेक फॉर इल्लीगल क्रॉस थ्रेड कॉल्स', आणि पोराने त्यापुढे लिहिलं, 'फॉल्स'. बेकायदेशीर व्यवहारांची तपासणी: नाही. इतका प्रामाणिक कबुलीजबाब मी कुठल्याच कागदावर वाचलेला नाही. 'इन्व्होक' म्हणून कॅशियरकडे चिठ्ठी पाठवायची सोय शेजारीच होती.

तिसरा घोटाळा २०१० सालचा. सोसायटीने विंडोज सातचा नवा संगणक घेतला. सेक्रेटरींचं लॉगिन वेगळं, खजिनदारांचं वेगळं. सेक्रेटरींनी नऊ पावत्या नोंदवल्या, त्या खजिनदारांना दिसेनात. खजिनदारांनी नोंदवलेल्या सेक्रेटरींना दिसेनात. एक म्हणे तुम्ही पुसल्या, दुसरा म्हणे तुम्ही लिहिल्याच नाहीत. समितीच्या सभेत दोघांनी एकमेकांची तीन पिढ्यांची अफरातफर काढली. आणि दोघेही खरं बोलत होते! माझी डेटाची फाइल प्रोग्रामशेजारीच, 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये होती. तिथे साध्या वापरकर्त्याला लिहायला बंदी असते. पण माझ्यासारख्यांचे जुने प्रोग्राम मरू नयेत म्हणून विंडोज नाही म्हणायचीच नाही. हो म्हणायची आणि प्रत्येकाच्या नावे 'व्हर्च्युअल स्टोअर'मध्ये गुपचूप वेगळी नक्कल ठेवायची. दोन माणसं, दोन वह्या, आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच एकमेव. म्हणजे 'चूक झाली? पुढे चला' हे आता एका प्रोग्रामचं राहिलं नव्हतं, खुद्द विंडोजचं झालं होतं. त्या दिवशी 'इथे लिहायला बंदी आहे' एवढं जरी कुणी सरळ सांगितलं असतं तरी मी फाइल सर्वांसाठीच्या फोल्डरात ठेवली असती आणि दोघांना परवानगी दिली असती. ते पुढे केलंच. मला ओळखीपाळखीच्या प्रत्येकाने सुचवलेला उपाय मात्र एकच: 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. म्हणजे लॉकर उघडत नाही म्हणून सगळ्या खातेदारांना स्ट्राँगरूमच्या किल्ल्या वाटा.

इथवरचं सगळं हसून सोडून देण्याजोगं आहे. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. एकट्या. पेन्शन आली की पाच तारखेला बिल भरायचं, हा त्यांचा नेम. मुदत दहा तारखेची. २०१९ च्या फेब्रुवारीत त्या हातात डायरी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"अरे, मी पाच तारखेला पैसे देते. ते तुमच्या सोसायटीत पोचायला मे महिना उजाडतो का रे?"

बिलावर लिहिलं होतं: उशीर १११ दिवस, व्याज ११८ रुपये. मी म्हटलं, टायपिंगची चूक असेल. आजींनी डायरी उघडली. आदल्या वर्षी जानेवारीला ११८, फेब्रुवारीला ८६, मार्चला ५७, एप्रिलला २६. एकूण २८७ रुपये. सगळे भरलेले. पहिल्याच वेळी त्यांनी सेक्रेटरींना विचारलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, कॉम्प्युटर चुकत नाही. तुमच्याच ध्यानात राहिलं नसेल." आजींनी वर्षभर तेच खरं धरलं होतं. दर महिन्याला त्या पावतीवरची तारीख तीन तीनदा वाचायच्या म्हणाल्या. डॉक्टरांनाही विचारून आल्या होत्या, हे विसरणं वाढतं का.

त्या रात्री मी पावणेदहापेक्षा बराच उशिरा झोपलो. जनावर सापडलं. २०१७ च्या डिसेंबरात सोसायटीचा संगणक पुन्हा बदलला होता आणि त्याची प्रादेशिक मांडणी अमेरिकी राहिली होती. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. खजिनदार लिहायचे ०५/०१, पाच जानेवारी. यंत्र वाचायचं एक मे. ०५/०२ म्हणजे दोन मे. आजींचे बाराही महिन्यांचे पैसे मे महिन्यातच येत होते! पावतीवर मात्र टाइप केलेलं जसंच्या तसं छापलं जायचं, म्हणून पावती बरोबर आणि व्याज चूक. जूनपासून पुढे तारीख मुदतीच्या आधीची निघायची, म्हणून व्याज शून्य. आणि जे महाभाग वीस तारखेला पैसे भरत, त्यांचा हिशेब बिनचूक. कारण विसावा महिना नसतो, आणि तसा आकडा दिसला की व्हिज्युअल बेसिक आपलं आपण दिवस-महिना उलटून घेतं. तक्रार नाही, विचारणा नाही. म्हणजे बारा तारखेपर्यंत आमची सोसायटी अमेरिकेत आणि तेरापासून महाराष्ट्रात. वेळेवर पैसे देणाऱ्या बाईला ११८ रुपये दंड आणि दहा दिवस उशीर करणाऱ्याला ११ रुपये.

पण खरी शरम पुढेच आहे. पावतीची तारीख आजच्या पुढची असेल तर थांबायचं आणि ओरडायचं, अशी तपासणी मी त्या प्रोग्राममध्ये २००६ सालीच लिहून ठेवली होती. बँकेच्या माणसाला पुढच्या तारखेचा चेक ओळखता येतोच. जानेवारीत बसून एक मेची पावती फाडली जात होती आणि ती तपासणी दर वेळी इमानाने ओरडत होती. फक्त तिच्या वर, कामाच्या डोक्यावर, पहिली ओळ होती: चूक झाली? पुढे चला.

समितीने २८७ रुपये परत केले. त्यावरचं २१ टक्के व्याज, वर्षाचं धरून साठ रुपये सत्तावीस पैसे, मी माझ्या खिशातून द्यायचं ठरवलं. साठ रुपये आजींच्या हातावर ठेवले.

"आणि सत्तावीस पैसे?"

मी म्हटलं, "आजी, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पन्नासच्या आतले पैसे सोडून द्यायचे."

"मला व्याज रिझर्व्ह बँकेने लावलं होतं का?"

मी एकसष्ट केले.

हे सगळं भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, तू फार जुनं वापरतोस. व्हिज्युअल बेसिक सहाच्या संपादकाचा आधार २००८ सालीच संपला. आता ट्राय-कॅच असतं." मी म्हटलं, दाखव. त्याने स्वतःच लिहिलेलं दाखवलं. 'ट्राय', खाली काम, मग 'कॅच', मग एक महिरपी कंस उघडलेला आणि एक मिटलेला. मध्ये काही नाही. अरे, हे तर तेच! जुन्या औषधाला नवी बाटली, आणि बाटलीवर दोन कंस!

"मग काय करू? ग्राहकासमोर प्रोग्राम मरू देऊ?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कारण न गिळलेली चूक ज्या भाषेत बाहेर येते, ती भाषा खजिनदारांपुढे ठेवण्यासारखी नसते. 'ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट टू ॲन इन्स्टन्स ऑफ ॲन ऑब्जेक्ट.' यावर त्या माणसाने करायचं काय? 'ओके' दाबायचं! दुसरं बटणच नसतं. त्याचा अर्थ इतकाच, की ज्या वस्तूला काम सांगितलं ती वस्तूच जागेवर नाही. उदाहरणार्थ, बी-९ या घराला सभासदच नोंदवलेला नाही. मग तसं लिहा ना! आम्ही चेक परत पाठवतो तेव्हा सोबत मेमो जातो: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख पुढची. कारण न लिहिता चेक परत करून पाहा, खातेदार काउंटरवर चढतो. गिळणं आणि धाडकन मरणं यांच्या मधोमध मेमो नावाचा एक कागद असतो, एवढंच माझं म्हणणं आहे. जी चूक ओळखता येते तिचं कारण आणि उपाय सांगा. जी ओळखता येत नाही ती तारीखवेळेसह नोंदवून ठेवा आणि थांबा. चुकलेल्या हिशेबावर पुढची नोंद करू नका.

आणि चूक कबूल करणं कमीपणाचं असेल तर टोनी होअर यांच्याकडे पाहा. जागेवर नसलेल्या वस्तूचा हा 'नल' त्यांनी १९६५ साली आणला. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत उभं राहून त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एवढा मोठा माणूस चव्वेचाळीस वर्षांनी नोंद उलटवतो, आणि आमच्या पोराला दोन कंसांच्या मध्ये एक ओळ लिहायला वेळ नाही.

मी माझा प्रोग्राम उघडला. ती ओळ एकतीस ठिकाणी निघाली. एकतीसही पुसल्या. तारीख टाइप करण्याऐवजी कॅलेंडरातून निवडायची सोय केली आणि साठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं नेमून टाकलं. मग एका रविवारी खजिनदारांना बोलावून चालवून दाखवला. तो पहिल्या तासात सात वेळा थांबला. सातही वेळा मराठीत सांगून थांबला. एका घराचं क्षेत्रफळ शून्य होतं, एका पावतीचा नंबर दोनदा वापरला होता, एका पार्किंगचं भाडं २०१२ सालापासून कुणाकडेच लागत नव्हतं. ते पार्किंग खुद्द खजिनदारांचं निघालं.

खजिनदार बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "तुमचा आधीचाच प्रोग्राम चांगला होता हो. इतकी वर्षं वापरला, कधी एक चूक दाखवली नाही त्याने!"